दोन बोटं जागा

आमच्या गावात कोणी दारू पीत नाही, आणि सामन्याच्या शनिवारी कोणी धड शुद्धीवरही नसतं. बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. आम्हाला हसू येत नाही, आम्ही इथेच जन्मलो. चर्चमधली दोन माणसं शेजारच्या जिल्ह्यातल्या दारूच्या दुकानात समोरासमोर आली तर ओळख देत नाहीत, आणि रविवारी शेजारी बसून एकाच पुस्तकातून गाणं म्हणतात. अलाबामात हे असंच चालत आलंय.

मी ओलेटा पिटमन. कॉलेजच्या फुटबॉल स्टेडियममध्ये पूर्वेकडच्या पायऱ्यांखाली चौदा नंबरचा स्टॉल आहे ना, तो आमच्या चर्चचा. म्हणजे जागा कॉलेजची, माल कॉलेजचा, राबायचं आम्ही आणि विक्रीतला वाटा चर्चला. शाळेचे बँडवाले, स्काउटवाले, इतर चर्चं, सगळे असाच एकेक स्टॉल धरून आहेत. आमच्या वाट्यातून चर्चची व्हॅन चालते, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी. हॉट डॉग, पॉपकॉर्न, उकडलेल्या शेंगा, कोक. सव्वीस वर्षं तो स्टॉल मी चालवला. माझा नवरा वेंडल शेंगांच्या पातेल्याशी असायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला, मग पातेलंही मीच सांभाळायला लागले. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. नाहीच आहे. मध्यंतराच्या गर्दीत जिभेला हाड असलेली बाई तिथे पाच मिनिटं टिकायची नाही.

स्टेडियममध्ये दारू विकायची नाही आणि आत न्यायची नाही, हा नियम माझ्या आईच्या वेळेपासूनचा. म्हणून लोक बर्बन व्हिस्की बुटात घालून न्यायचे. चपटी बाटली पोटरीला बांधायची आणि वरून बूट चढवायचा. बायका पर्समध्ये लंगोटांच्या चळतीखाली लपवायच्या. फाटकावरचा माणूस पर्स उघडायचा, लंगोट बघायचा आणि बाळ कुठे आहे ते न विचारता आत सोडायचा. मग ही सगळी मंडळी माझ्यापुढे येऊन म्हणायची, "मिस ओलेटा, एक कोक. जरा जागा ठेवून."

जागा म्हणजे वरची दोन बोटं. कप काठोकाठ भरायचा नाही. त्या दोन बोटांत काय ओतलं जाणार हे आम्हाला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या पाद्र्यालाही ठाऊक. बोलायचं मात्र कोणी नाही. एखादी नवी बाई आली आणि तिने कप गळ्यापर्यंत भरला, तर तिला बाजूला घेऊन सांगावं लागे, "अगं, लोकांना सांडवायला नको लावूस."

कोकच्या मशीनवर हॉइट असायचा. हॉइट म्हणजे माझा दीर, वेंडलचा धाकटा भाऊ. तो प्यायचा. गावात कोणी पीत नाही म्हटलं ना, त्यातलाच हा, फक्त त्याचं गावाला कळायचं. नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी सामना संपल्यावर ट्रक घेऊन निघाला आणि मेहुणीच्या अंगणातला झोपाळा त्याने मुळासकट उपटला. पोरं नुकतीच झोपाळ्यावरून उतरून जेवायला आत गेली होती. बायको त्याच आठवड्यात मोबील शहरात आपल्या भावाकडे निघून गेली, ती परत आली नाही. हॉइटने दुसऱ्या दिवसापासून दारूला हात लावला नाही. आठवडाभर तो लाकडाच्या वखारीत असतो, मंगळवारी दारू सोडलेल्यांच्या बैठकीला जातो. त्याला अडचण शनिवारची. सामना आणि बाटली त्याच्या डोक्यात एकाच दोरीने बांधलेली होती, पोरवयापासून. गावात जिकडे जावं तिकडे तंबू, शेगड्या आणि प्रत्येकाच्या हातात भरलेला ग्लास. तेव्हा वेंडल त्याला धरून स्टॉलवर घेऊन आला. कोकच्या मशीनपुढे उभा केला आणि म्हणाला, "इथून हलायचं नाही. शनिवारी अख्ख्या गावात कोरडी जागा एवढीच आहे."

तेव्हापासून हॉइट हलला नाही. एक शनिवार चुकवला नाही. वेंडलच्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी सामना होता, त्या दिवशीही आम्ही दोघं तिथे होतो, कारण घरी बसून काय करणार होतो.

तर गेल्या उन्हाळ्यात कॉलेजने जाहीर केलं, की यंदापासून स्टेडियममध्ये बिअर मिळेल. प्रत्येक स्टॉलवर. ज्यांना विकायची नसेल त्यांनी स्टॉल सोडावा, घ्यायला दुसरे तयार आहेत.

बुधवारी चर्चच्या जेवणानंतर हॉलमध्ये सभा बसली. आमचा पाद्री ब्रदर लॅमर भला माणूस आहे, पण दोन्ही बाजूंना मान डोलावून डोलावून त्याच्या मानेला ढिलेपणा आलाय. पहिली उठली इमोजीन स्ट्रिकलंड. इमोजीन आमच्या गाणाऱ्यांची पुढारी. तिला देवाने आवाज दिलाय आणि ती तो क्षणभर खाली ठेवत नाही.

"माझ्या आजोबांनी या चर्चची कौलं चढवली," ती म्हणाली. "आणि आज त्यांच्या चर्चचा ॲप्रन घालून मी बिअर विकायची? स्टॉल गेला तर जाऊ दे. आपले हात तरी स्वच्छ राहतील."

बरीच डोकी हलली. ब्रदर लॅमरचंही हललं. म्हटलं, गेला आपला स्टॉल. खरं सांगायचं तर व्हॅनची काळजी मला नंतर सुचली. आधी सुचलं ते हे, की वेंडल गेला, पोरगी टेक्सासला, घरात भिंती आणि मी. वर्षातले गावात सामने असतात ते सात शनिवार सोडले तर मला हाक मारायला कोण होतं? तिथे मात्र दिवसभर मिस ओलेटा, मिस ओलेटा. ते गेलं असतं तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही.

मी उठले. स्वयंपाकघरात स्टॉलचे कप ठेवलेले असतात, त्यातला एक आणला. जेवणाच्या टेबलावरचा कोक त्यात ओतला, नेहमीसारखा, दोन बोटं जागा ठेवून. आणि कप सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"इमोजीन," म्हटलं, "वीस वर्षं तू माझ्या शेजारी उभी राहून हा असाच कप लोकांना देतेयस. ही वरची जागा कोणासाठी गं? पवित्र आत्म्यासाठी?"

मग मागच्या बाकावरचा म्हातारा फिनस खो खो हसायला लागला, आणि हसू सगळीकडे पसरत गेलं. ब्रदर लॅमरने तोंडावर रुमाल धरला. इमोजीनचा चेहरा बीटासारखा झाला.

"ते निराळं आहे," ती म्हणाली.

"काय निराळं? अर्धी दारू आपण विकतोच आहोत. आता दुसरी अर्धी विकायची. निदान लोकांचे बूट तरी वास मारायचे थांबतील."

मी त्या दिवशी थांबेचना. बरं सुचत गेलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत लोक हसले, मी पण हसले, आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा स्टॉल ठेवायच्या बाजूने इतके हात वर गेले की मोजावेच लागले नाहीत. हॉइट मागे खुर्च्या रचत होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.

घरी जाताना ट्रकमध्ये मी विचारलं. अगदीच काही मी अविचारी नाही.

"तुला चालेल ना रे, हॉइट?"

तो रस्त्याकडे बघत होता. "मला कोकच्या मशीनवरच ठेव," म्हणाला.

"तिथेच ठेवणार. तुला त्या बाजूला फिरकायचंही कारण नाही."

"मग झालं." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "छान बोललीस आज."

मी खूश. घरी गेल्यावर एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून पुन्हा हसले.

ऑगस्टमध्ये कॉलेजने आम्हाला शिकवायला एक मुलगी पाठवली. ओळखपत्र बघा, एका माणसाला दोनच द्या, तिसरं सत्र संपलं की विक्री बंद. आणि डबा देण्याआधी तुम्हीच उघडा. बंद डबा कधीही हातात द्यायचा नाही, लोक तो मैदानात फेकतात किंवा पोराटोरांना नेऊन देतात. उघडलेला डबा परत घ्यायचा नाही, उरला तर मोरीत ओतायचा. इमोजीन हाताची घडी घालून ऐकत होती. "मी फक्त शेंगा बघेन," तिने जाहीर केलं. सभेत हरली तरी ती आली होती, कारण शनिवारी दुसरीकडे कुठे जाणार तीही.

पहिला सामना सप्टेंबरातला, भर दुपारचा, उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मी हॉइटला सांगितल्याप्रमाणे कोकवर ठेवला, बिअर एकदम दुसऱ्या टोकाला. आणि पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट कळली, जी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. कोक कोणाला नकोच होता. इतकी वर्षं लोक कोक काय कोक म्हणून पीत होते थोडेच. दोन बोटांच्या खाली काहीतरी असायला हवं म्हणून तो होता. आता उघड उघड बिअर मिळत असताना बूट कोण काढतंय. हॉइट रिकाम्या मशीनपुढे फडकं घेऊन उभा, आणि दुसऱ्या टोकाला रांग पार बाथरूमपर्यंत. दोन बायकांना डबे उघडून उघडून नखं दुखायला लागली.

इमोजीनने शेंगांचा झारा खाली ठेवला आणि तरातरा जाऊन बिअरवर उभी राहिली. "असं काय उघडताय, संध्याकाळ होईल," म्हणाली. दुसऱ्या सामन्यापर्यंत ती ऐंशीच्या फिनसला ओळखपत्र मागत होती.

"तुझ्या लग्नात मी होतो, इमोजीन," फिनस म्हणाला.

"तेव्हा मी तुझं वय विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "दाखव."

पण तरी हात कमी पडत होते. पहिल्याच सामन्यात मध्यंतराला लोक चिडायला लागले, कोणी काउंटरवर हात आपटला. मी हॉइटकडे बघितलं. म्हटलं, "हॉइट, तासभर इकडे हात लावतोस का? फक्त उघडून पुढे करायचं."

त्याने फडकं घडी करून मशीनवर ठेवलं आणि आला. त्याचे हात वखारीतले, डबे पटापट उघडायचा. रांग हलली. मला हायसं वाटलं. तासाभराचं मग पूर्ण सामन्याचं झालं, आणि पुढच्या सामन्याला तर त्याची जागाच ती झाली. तसं मी ठरवलं नव्हतं. मी त्याला परत मशीनवर पाठवलं नाही, एवढंच.

तिसरा सामना ऑक्टोबरात. दुसरं सत्र चाललं होतं आणि आमची पोरं जिंकत असावीत, कारण डोक्यावरचं सिमेंट सारखं हादरत होतं. मी पैशांच्या यंत्राशी होते. एक तरुण जोडपं आलं, दोन बिअर घेतल्या, आणि तेवढ्यात वर प्रचंड आरडाओरडा झाला. मुलगा एकच डबा उचलून धावत सुटला, मुलगी त्याच्या मागे. दुसरा डबा हॉइटच्या हातात तसाच. उघडलेला.

पुढचं गिऱ्हाईक बोलत होतं, मी त्याचं कार्ड घेतलं, शेंगांची पिशवी दिली. वळून बघते तर हॉइट काउंटरवर नाही. आत बर्फाचं यंत्र आहे, त्याच्या आड मोरी. तिथे तो उभा होता. डबा मोरीवर धरलेला, सरळ. तिरका केलेला नाही. नियमाप्रमाणे ओतायचा एवढंच काम. मी म्हटलं, विचारात पडला असेल, आणि हाक मारणार तोच त्याचा चेहरा दिसला. घामाने निथळत होता, आणि बर्फाच्या यंत्राजवळ तर थंडी वाजते.

"हॉइट?"

त्याने मान वळवली नाही. "ओलेटा," अगदी हळू म्हणाला, "हा माझ्या हातातून घे."

मी घेतला. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. डबा मोरीत उपडा केला, नळ सोडला, फेस जाईपर्यंत पाणी सोडत राहिले. मागून कोणीतरी "मिस ओलेटा, चार हॉट डॉग" म्हणून ओरडत होतं.

"प्यायलास?"

"नाही."

"किती वेळ उभा होतास असा?"

"ठाऊक नाही. मला इथून ने."

मी ॲप्रनची गाठ सोडायला गेले. सव्वीस वर्षांत सामना चालू असताना ती कधी सोडली नव्हती, त्यामुळे बोटांना सापडेना. बाहेर येऊन ॲप्रन इमोजीनच्या खांद्यावर टाकला.

"मी चालले. तू बघ."

"चालले म्हणजे? मध्यंतर व्हायचंय अजून, अगं..." मग तिने माझ्या मागे हॉइटकडे बघितलं. इमोजीनचं काहीही म्हणा, तिला डोळे आहेत. "जा," म्हणाली. "मी बघते. जा तू."

बाहेर पडलो. स्टेडियमभोवती मैलभर नुसते तंबू. ज्यांना तिकीट मिळत नाही ते तिथेच टीव्ही लावून बसतात, मांस भाजत आणि पेले भरत. सगळे ओळखीचे. दर चार पावलांवर कोणीतरी हाक मारे. "मिस ओलेटा, लवकर सुटलात? या, घोटभर घ्या." "हॉइट, लेका, बस की." मी त्याचा दंड धरला होता आणि तो आपल्या बुटांकडे बघत चालत होता. माझ्या जन्मात मी कोणाला उत्तर द्यायची सोडली नाही, पण त्या दिवशी एकालाही दिलं नाही. नुसती चालत राहिले.

चर्चची व्हॅन पाइनच्या झाडांखाली लावलेली होती. आत बसलो, तो सवयीने स्टिअरिंगमागे, मी शेजारी, आणि गार हवा सुरू केली. त्याने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. तो त्यांच्याकडे परक्याच्या हातांकडे बघावं तसा बघत होता. मी पाण्याची बाटली दिली. अर्धी प्यायला.

"पहिल्या दिवसापासून असं होतंय?" मी विचारलं.

"पहिल्या डब्यापासून."

"अरे, पण वास तर तू नऊ वर्षं घेतोस. अख्खं स्टेडियम बर्बनने घमघमायचं. तुझ्या नाकासमोर लोक बुटातून काढून ओतायचे."

"ते ओतायचे." तो थांबला. हॉइट बोलायला लागला की मध्ये बोलायचं नसतं, नाहीतर तो परत आठवडाभर गप्प. मी जीभ दाताखाली धरली. "माझ्या हातून जाईपर्यंत त्या कपात काही नसायचं. नुसता कोक. पुढे ते काय करतात ते त्यांचं. मला दर वेळी वाटायचं, इथपर्यंत मी आणि इथून पुढे ते. तू त्या बुधवारी कप वर धरलास, सगळे हसले. मीही हसलो, गंमतीचंच होतं ते. पण ओलेटा, त्या दोन बोटांवर मी नऊ वर्षं उभा होतो."

ते निराळं आहे, असं इमोजीन म्हणाली होती, आणि मी तिला हसून गप्प बसवलं होतं. तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं काय निराळं ते. ज्याला सांगता आलं असतं तो मागे खुर्च्या रचत होता.

"आता डबा मीच उघडतो," तो म्हणाला. "तो आवाज येतो ना उघडताना, तो माझ्या हातातून येतो. दिवसभर. झोपेतही येतो आता. गेल्या मंगळवारी मी बैठकीला गेलो नाही. तुला सांगितलं नाही."

ते ऐकून मला भीती वाटली, खरीखुरी. मंगळवार चुकवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मग राग आला, कारण मला भीती वाटली की रागच येतो.

"मग तोंडाला काय झालं होतं तुझ्या? त्या दिवशी ट्रकमध्ये विचारलं मी तुला. सरळ नाही म्हणायचंस. मी सगळ्यांसमोर जाऊन सांगितलं असतं, बाबांनो, झालं ते विसरा, नको आपल्याला स्टॉल."

"म्हणूनच बोललो नाही."

"म्हणजे?"

स्टेडियममधून मोठा गलका झाला, आमचं काहीतरी चांगलं झालं असावं.

"वेंडल गेल्यापासून तू हसली नव्हतीस," तो म्हणाला. "चार वर्षं. टोमणे मारायचीस, पण हसायची नाहीस. त्या बुधवारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. घरी सोडलं तुला, मी गाडी वळवत होतो, तर तू दिवा लावलास आणि खिडकीतून दिसलीस मला. एकटीच उभी राहून हसत होतीस. मी म्हटलं, हॉइट, सात शनिवार आहेत. सात शनिवार निघतील."

मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही, अंत्यविधीला माझ्यापेक्षा इमोजीन जास्त रडली होती, पण त्या व्हॅनमध्ये मी ॲप्रन शोधत होते डोळे पुसायला आणि ॲप्रन तर देऊन आले होते. हॉइटने खिशातला वखारीचा कळकट रुमाल काढून दिला. त्याला लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

"मी आता बरा आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तू जा परत. मध्यंतर होईल, इमोजीनला एकटीला झेपायचं नाही. मी इथे बसतो."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू. माझे हात शिवशिवत होते. मध्यंतराच्या आधीची ती दहा मिनिटं, शेंगांचं पातेलं उकळतंय, पायऱ्यांवरून लोकांचा लोंढा उतरतोय, आणि पहिली हाक येते, मिस ओलेटा. मी नसताना ती हाक कोणाला मारतील? तिथे बसल्या बसल्या मला तेच दिसत होतं. तो शेजारी हात मांडीखाली दाबून बसला होता आणि मला मात्र दिसत होती ती गर्दी.

"गाडी काढ," मी म्हटलं.

"कुठे?"

"घरी. मला भूक लागलीय आणि तुझं तोंड बघवत नाहीये."

त्या दिवशी मी मक्याचा पाव केला आणि बीन्स गरम केले. त्याने रेडिओ लावू का विचारलं, मी नको म्हटलं. दिवस मावळायच्या सुमाराला इमोजीन आली, माझा ॲप्रन आणि स्टॉलची किल्ली घेऊन. तिच्या अंगाला बिअरचा वास मारत होता, तिला ते कळलं नसावं. मी दारातच तिला म्हटलं, "किल्ली ठेव तुझ्याकडे. मी नाही येत यापुढे."

"वेडी आहेस का? मी तर विरोधात होते."

"म्हणून तर. तू नीट चालवशील."

ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. किल्ली मुठीत धरून उभी राहिली, मग मला मिठी मारली आणि गेली. हॉइट आत बशा धूत होता. त्याने नळ बंद करून सगळं ऐकलं होतं. तो निघाला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं, "मंगळवारी बैठक चुकवायची नाही. आणि पुढच्या शनिवारी सामना सुरू व्हायच्या आत इथे यायचं, जेवायला."

"बरं," म्हणाला.

बरं म्हणणं सोपं असतं. तो आठवडा कसा काढला ते मला ठाऊक. मंगळवारी तो गेला की नाही हे विचारायला दोनदा फोन उचलला आणि ठेवून दिला. शनिवारी सकाळपासून कोंबडी तळायला घेतली. गावात ढोल वाजायला लागले, आमच्या गल्लीतून माणसं आमच्या संघाचे निळे शर्ट घालून निघाली. कोंबडी झाली, बटाटे झाले, ॲपल पाय केला, तोही झाला. सामना सुरू झाल्याची तोफ ऐकू आली. हॉइट नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. रस्ता रिकामा, सगळं गाव तिकडे. माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. म्हटलं, ओलेटा, स्टॉलवर असतीस तर निदान तो समोर तरी दिसला असता. स्टॉल सोडून तू त्याला कोरडी जागा दिलीस की असलेली काढून घेतलीस?

मग त्याचा ट्रक आला. आला आणि फाटकाशी थांबला, पण तो उतरेना. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसेना. मी पडद्याआड उभी, हात पिठाचे. शेवटी दार उघडलं, तो उतरला, पायऱ्या चढून वर आला. चाल सरळ होती, पण हॉइटची चाल पूर्वी प्यायल्यावरही सरळच असायची, तेच तर वाईट होतं.

मी दार उघडलं आणि दारातच उभी राहिले. त्याला आत घेतलं नाही. टाचा उंचावल्या, तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि जोरात श्वास घेतला. त्याला कळलं मी काय करतेय ते. हलला नाही. एवढा थोराड माणूस, टोपी छातीशी धरून, मान खाली करून उभा राहिला, मला नीट पोचता यावं म्हणून.

कॉफी. नुसती काळी कॉफी आणि लाकडाचा भुसा.

"झालं हुंगून?" त्याने विचारलं.

"झालं."

"मग आत येऊ दे आता. सकाळपासून उपाशी आहे मी."

मी बाजूला झाले.